‘यात पाऊस कुठे आहे?’ असे विचारण्याआधी

वाचकांचे प्रश्न

चित्र पाहून सुचलेल्या नव्या संगीताविषयी मत कसे द्यावे, या एकाच विषयावर या महिन्यात चार पत्रे आली. म्हणून या वेळचे सदर त्या चार पत्रांनाच दिले आहे.

ठाणे येथील एक वाचक लिहितात : माझी भाची संगीताचे शिक्षण घेते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक मोठे पिवळे चित्र पाहून आल्यावर तिने की-बोर्ड आणि चेलो (व्हायोलिनच्या कुळातले खर्जाचे मोठे वाद्य) यांच्यासाठी ११ मिनिटांची एक रचना केली आणि ध्वनिमुद्रण पाठवून ‘मामा, खरे खरे सांग’ असे कळवले. मी चाळीस वर्षे रागसंगीत ऐकतो आहे. परंतु या रचनेत राग नाही, ठेका नाही, शब्द नाहीत. दोनदा ऐकून मी ‘छान झाले आहे, चित्रातली शांतता उतरली आहे’ असे लिहिले. तिचे ‘थँक्यू मामा’ एवढेच उत्तर आले आणि विषय तिथेच थांबला. तिला माझ्याकडून आणखी काही हवे होते असे वाटत राहते. अशा संगीताबद्दल माझ्यासारख्याने काय बोलावे?

उत्तर : तुम्हाला वाटते ते बरोबर आहे. ‘छान’ या शब्दातून तिच्या हाती काही लागले नाही, हे तर खरेच. पण माझ्या मते अडचण त्यापुढच्या शब्दांत अधिक आहे. ‘चित्रातली शांतता उतरली आहे’ हे वाक्य रचना न ऐकताही लिहिता आले असते. ते गायतोंडे यांच्याविषयीचे वाक्य आहे. भाचीने केलेली ११ मिनिटे त्यात कुठेही नाहीत, आणि ज्याने काही केले आहे त्याला हे लगेच जाणवते.

सर्वात आधी तिलाच विचारा की तिला आता काय हवे आहे. रचना पूर्ण झाली असे ती मानते, की अजून तिच्यावर काम चालू आहे? एखाद्या विशिष्ट जागेविषयी तिला शंका आहे, की ऐकणाऱ्यावर एकूण काय परिणाम होतो एवढेच जाणून घ्यायचे आहे? या दोन मिनिटांच्या विचारपुशीने पुढचे अर्धे गैरसमज टळतात. कार्यक्रम उद्यावर आलेला असताना रचनेच्या पायावर बोट ठेवणे आणि पाया अजून ओला असताना केवळ कौतुक करणे, या दोन्हींत सारखेच नुकसान आहे.

त्यानंतर रचना पुन्हा ऐका, पण चित्र समोर न ठेवता आणि मोबाइलच्या स्पीकरवर नाही. चेलोचा खर्ज लहान स्पीकरमध्ये जवळजवळ नाहीसा होतो आणि मग ज्याच्या आधारावर सगळे उभे आहे तेच ऐकू येत नाही. चांगले हेडफोन लावा, कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि जिथे तुमचे लक्ष एकाएकी वेधले गेले किंवा जिथून ते निसटले, तिथली मिनिटे आणि सेकंद टिपून ठेवा. तसे का झाले, ते त्या वेळी लिहू नका. चित्र दुसऱ्या वेळी ऐकताना समोर घ्या.

चित्र मागे ठेवायला का सांगतो, ते माझ्या एका चुकीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राने पावसातल्या रस्त्याचे एक चित्र पाहून बासरी आणि तबला यांची लहानशी रचना केली होती. मी चित्र हातात घेऊनच ती ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘यात पाऊस कुठे आहे?’ आठवड्याने तो रचना पुन्हा घेऊन आला, तेव्हा तिच्यात पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज घातलेला होता आणि तबल्याचे द्रुत तुकडे सरींसारखे वाजत होते. पहिल्या रचनेत बासरीचा एक स्वर लांबवून मध्येच सोडून दिलेला होता, आणि त्या सोडण्यात रस्ता रिकामा झाल्याचा जो भास होता, तो आता पार बुजून गेला होता. त्याने चित्रातला पाऊस घेतलाच नव्हता, रस्त्याचा रिकामेपणा घेतला होता. माझ्या प्रश्नाने तो त्याच्याकडून काढून घेतला, याची खंत मला आजही आहे.

चित्रातून रचनाकार काय घेतो हे बाहेरून ठरवता येत नाही, याचे सर्वपरिचित उदाहरण रशियन संगीतकार सर्गेई रहमानिनोव्ह यांचे आहे. आर्नोल्ड ब्योक्लिन या स्विस चित्रकाराने ‘मृतांचे बेट’ हे चित्र १८८० ते १८८६ या काळात पाच वेळा रंगवले : काळ्या पाण्यातून एक होडी उंच कड्यांच्या बेटाकडे चालली आहे आणि तिच्यात पांढऱ्या वस्त्रातील एक आकृती उभी आहे. रहमानिनोव्ह यांनी १९०७ मध्ये पॅरिसला या चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली आणि १९०९ मध्ये त्याच नावाची वाद्यवृंदरचना लिहिली. पुढे रंगीत मूळ चित्र पाहिल्यावर त्यांच्यावर तितका परिणाम झाला नाही. रचनेच्या आरंभी पाच मात्रांचा एक झोल सतत चालू राहतो, कधी दोन-तीन तर कधी तीन-दोन असा तोलत, आणि वल्ह्यांची ओढ कानाला लगेच कळते. चित्रातल्या रंगांशी या संगीताचा काही संबंध नाही, कारण संगीतकाराने तेव्हा ते पाहिलेलेच नव्हते. ‘यात ब्योक्लिनचे रंग उमटलेले नाहीत’ असे मत त्यांना कोणी दिले असते, तर ते चित्रापुरते खरे असूनही रचनेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले असते.

आपल्याकडची परंपरा उलट्या दिशेची आहे आणि रागसंगीताच्या श्रोत्याला तिचे भान असलेले बरे. रागमाला चित्रांमध्ये आधी राग आहे आणि मग चित्र. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दख्खनच्या दरबारांत आणि राजस्थानात अशा मालिका रंगवल्या गेल्या. मेवाडमधील चावंड येथील मालिका १६०५ ची आहे. तोडी म्हणजे वीणा घेऊन उभी असलेली नायिका आणि तिच्या सुरांनी जवळ आलेली हरणे, हिंदोल म्हणजे झोका, अशा जोड्या त्यांत ठरून गेलेल्या आहेत. तरीही तोडीच्या कोमल रिषभात हरीण शोधून सापडत नाही. ती जोडी ध्यानश्लोकांनी (रागाचे रूप वर्णन करणाऱ्या श्लोकांनी), कवींनी आणि चितारांनी जुळवलेली आहे. अमुक चित्राला अमुक सूर असे कोष्टक मनात घेऊन बसलेला कान भाचीच्या रचनेवर अन्याय करील, आणि तुमचा चाळीस वर्षांचा कान त्याहून पुष्कळ अधिक करू शकतो.

तो काय करू शकतो, हे तुम्हाला कदाचित जाणवत नसेल. स्वर किती वेळ धरला की तो पिकतो आणि किती वेळानंतर शिळा होऊ लागतो, हे तुम्हाला कळते. एखादी जागा तयारीने आली की उगाच आली, हे विलंबित ख्याल ऐकून ऐकून तुम्ही शिकलेला आहात. षड्जाकडे परत येण्याची आस लावून ती लांबवणे म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी समजावून द्यायला नको. राग नसलेल्या संगीतातही धरणे, सोडणे, वाट पाहायला लावणे आणि परत येणे असतेच. भाचीच्या अभ्यासक्रमातले शब्द तुम्हाला येत नसतील तर ते वापरू नका. तिला ते शब्द शिक्षकांकडून मिळतातच, तुमचा कान मात्र दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही.

मग तिला काय लिहायचे? मी असे काहीसे लिहिले असते : ‘२ मिनिटे १० सेकंदांवर चेलोचा जो खालचा स्वर सुरू होतो, तो लवकरच थांबेल असे मला वाटले होते. तो थांबला नाही, आणि साधारण चौथ्या मिनिटापासून तो मला ऐकू येईनासा झाला. की-बोर्डचे स्वर त्याच्यावर तरंगत आहेत असे वाटू लागले. ७ मिनिटे ४० सेकंदांवर तो अचानक बंद झाला, तेव्हा तो इतका वेळ होता हे मला कळले. ही जागा मला फार आवडली. मात्र त्यानंतरच्या दोन मिनिटांत मी कशाची वाट पाहायची हे मला समजले नाही. तिथे मला निराधार वाटावे असेच तुझ्या मनात होते का?’ यात निवाडा फारसा नाही. काय ऐकू आले, केव्हा आले आणि त्याचे ऐकणाऱ्याच्या मनात काय झाले, एवढेच आहे. पण तिने योजलेले आणि प्रत्यक्षात पोहोचलेले यांतले अंतर तिला यातून मोजता येईल. ते अंतर रचना करणाऱ्याला स्वतःहून कधीच दिसत नाही, कारण त्याच्या कानात योजलेलेच वाजत असते.

चित्राविषयी बोलायचे ते यानंतर, आणि तेही त्या चित्राच्या घडणीविषयी बोला. गायतोंडे रोलरने रंगाचे पातळ थर देत, पॅलेट नाइफने ते खरवडत, फाटलेल्या कागदाने ओला रंग काही जागी उचलून घेत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. भाचीने त्या पिवळ्या रंगातून नेमके काय घेतले? थर घेतले असतील, खरवडणे घेतले असेल, किंवा चित्रासमोर उभे राहिल्यावर डोळा स्थिरावायला लागणारा वेळ घेतला असेल. हे तिला विचारा आणि तिचे उत्तर ऐकून तिसऱ्यांदा रचना ऐका. या तिसऱ्या ऐकण्यातून जे सुचेल, ते बहुधा तुमच्या पत्रव्यवहारातले सर्वात मोलाचे असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. शांत चित्रावरची रचना शेवटपर्यंत तशीच शांत राहिली पाहिजे, असा आग्रह धरू नका. अमेरिकी संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांनी १९७१ मध्ये ह्यूस्टन येथील रॉथ्को चॅपल या प्रार्थनास्थळासाठी जी रचना केली, तिच्यात व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य), गायकवृंद, चेलेस्टा (घंटांसारखा नाद असलेले पट्ट्यांचे वाद्य) आणि तालवाद्ये मिळून वीस मिनिटांहून अधिक काळ जेमतेम हलतात. त्या वास्तूतल्या चित्रकार मार्क रॉथ्को यांच्या १४ गडद चित्रांसमोर बसल्यासारखेच ते वाटते. आणि अगदी शेवटी व्हायोला एक साधी, गुणगुणता येईल अशी चाल वाजवते, जी फेल्डमन यांना किशोरवयात सुचली होती. सुसंगतीचा आग्रह धरणाऱ्या श्रोत्याने ती चाल काढून टाकायला सांगितली असती. ती आहे म्हणूनच त्याआधीचे सगळे मनात राहते, असे माझे मत आहे.

पुण्याहून एक संगीतसंयोजक विचारतात : मी व्यवसायाने संगीतसंयोजन करतो. मित्रमंडळी आपल्या रचना पाठवतात, अलीकडे चित्रांवरच्या रचना बऱ्याच येतात. ऐकतानाच मला दुरुस्ती सुचते : इथे आवाज हळूहळू चढवायला हवा, इथे एक वाद्य कमी करायला हवे. त्या दुरुस्त्या सांगाव्यात का? काही वेळा तर मी स्वतःच फाइल दुरुस्त करून परत पाठवतो.

उत्तर : सांगाव्यात, पण मागितल्यावर, आणि दुरुस्त केलेली फाइल न मागता पाठवू नये. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. नेमक्या अशाच चांगल्या हेतूने काय होते, हे रशियन संगीतकार मोदेस्त मुसोर्ग्स्की यांच्या उदाहरणातून दिसते.

त्यांचा मित्र, वास्तुविशारद आणि चित्रकार व्हिक्टर हार्टमान १८७३ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. पुढल्या वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे त्याच्या कामाचे स्मृतिप्रदर्शन भरले आणि ते पाहून मुसोर्ग्स्की यांनी १८७४ च्या जून महिन्यात, सुमारे तीन आठवड्यांत, एकट्या पियानोसाठी ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही मालिका लिहिली. तिच्यातला एक भाग बैलगाडीचा आहे. मुसोर्ग्स्की यांच्या हस्तलिखितात ही गाडी पहिल्या स्वरापासून पूर्ण जोरात सुरू होते. दार उघडावे आणि अवजड चाके अगदी अंगावर यावीत, तशी. मुसोर्ग्स्की १८८१ मध्ये गेले. मालिका १८८६ मध्ये छापून आली ती रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या संपादनाने, आणि त्यांनी या भागाची सुरुवात हळू करून आवाज क्रमाने चढवला. गाडी दुरून येते, जवळून जाते, दिसेनाशी होते. संपादक मोठे संगीतकार होते, दिवंगत मित्राचे काम लोकांपुढे यावे ही त्यांची तळमळ खरी होती, आणि दुरुस्तीही कानाला पटणारी आहे. फ्रेंच संगीतकार मोरिस रॅव्हेल यांनी १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी केलेले रूपांतर याच छापील प्रतीवर आधारलेले असल्यामुळे बहुतेक श्रोत्यांच्या कानात आजही दुरून येणारी गाडीच आहे.

दोन्हींतला फरक फक्त आवाजाच्या पातळीचा नाही. दुरून येणारी गाडी हे देखाव्याचे वर्णन आहे, त्यात पाहणारा रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभा आहे. एकदम अंगावर येणाऱ्या गाडीत ओझे आहे, जोखडाखालचे श्रम आहेत. मुसोर्ग्स्की यांना काय म्हणायचे होते हे मूळ चित्रावरून तपासायचे म्हटले तर तेही शक्य नाही, कारण बैलगाडीचे ते चित्र आज उपलब्ध नाही. प्रदर्शनातली बहुतेक चित्रे हरवली आहेत. उरले आहे ते रचनाकाराने लिहिलेले, आणि तेच पुसले गेले होते.

म्हणून ‘इथे आवाज चढवायला हवा’ असे जेव्हा तुमच्या मनात येईल, तेव्हा त्या वाक्याच्या आधीचे वाक्य शोधा. तुम्हाला तिथे नेमके काय खटकले? ‘सुरुवातच इतकी मोठी आहे की पुढे कुठे जायला जागा उरली नाही असे वाटले’ हे खटकणे झाले, आणि ते मित्राला जरूर सांगावे. त्यावर आवाज चढवणे हा तुमचा उपाय असेल. त्याचा उपाय वेगळा असू शकेल, किंवा ते खटकणे हाच त्याचा हेतू असेल. ध्वनिमुद्रणातले तांत्रिक दोष, म्हणजे गोंगाट, फाटलेला आवाज, एखाद्या वाद्याचा सूर उतरलेला असणे, हे मात्र आडवळण न घेता सांगून टाकावेत. त्यांबाबतीत तुमचा अनुभव मित्रांच्या थेट उपयोगी पडेल.

बेळगाव येथील एक शिक्षिका विचारतात : माझ्या इयत्ता पाचवीच्या मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रांवर पेटी, खंजिरी आणि घरातल्या भांड्यांवर लहान लहान चाली बसवल्या. त्यांना काय सांगावे?

उत्तर : फार थोडे सांगावे आणि पुष्कळ विचारावे. मुलाने चाल वाजवल्यावर त्याचे चित्र वर्गाला लगेच दाखवू नका. इतर मुलांना काय काय दिसले ते आधी सांगू द्या. एकाला आगगाडी दिसेल, एकाला आजीचे जाते. मग चित्र उघडा. आपल्या भांड्यांच्या आवाजातून वर्गात इतक्या गोष्टी तयार झाल्या, हे पाहून मुलाला जे वाटते ते कोणत्याही शाबासकीपेक्षा अधिक असते. त्यानंतर ‘तू पुन्हा वाजवलीस तर काय बदलशील?’ एवढे विचारा आणि लगेच पुन्हा वाजवू द्या. गुण देऊ नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नाशिकहून एक तरुण संगीतकार लिहितात : मी वारली चित्रांतल्या तारपा नाचाच्या (तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य) वर्तुळावरून प्रेरणा घेऊन एक इलेक्ट्रॉनिक रचना केली आहे. काही जण म्हणतात, ‘यात वारली काही वाटत नाही’. काही म्हणतात, ‘खरा तारपा घालायला हवा होता’. दोन्ही ऐकून मी गोंधळलो आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे, आणि तो दोष थोडासा तुमच्या विचारण्याचाही असू शकेल. ‘कसे वाटले?’ असे विचारले की लोक नावावरून मत देतात. रचना पुढच्या वेळी नावाशिवाय ऐकवा आणि विचारा की यातले काय परत परत येते असे वाटले, आणि कोणत्या क्षणी आपण दुसरीकडे येऊन पोहोचलो असे वाटले. उत्तरांत फिरत राहणे, गुंडाळत जाणे, मध्याकडे ओढले जाणे असे काही आले, तर चित्रातले वळण तुमच्या रचनेत आहे, त्यात तारपा असो वा नसो.

तरी दुसऱ्या आक्षेपात एक खरा प्रश्न आहे आणि त्यावर थांबून विचार करा, असे मी आपुलकीने सुचवतो. गायतोंडे किंवा ब्योक्लिन यांच्या चित्रांत संगीत वाजत नसते. वारली चित्रांत ते वाजत असते. चित्राच्या मध्यावर तारपा वाजवणारा आहे, भोपळ्याचे ते वाद्य श्वास न तोडता फुंकले जाते, त्याच्या सुरांबरोबर नाचणाऱ्यांची पावले बदलतात आणि हात गुंफलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो, तेव्हा धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत असते. तिथे चित्र आणि गाणे एकाच विधीचे भाग आहेत. म्हणजे तुम्ही ज्या आकृतीवरून रचना केली, ती आकृती आधी एका संगीतातून आलेली आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी तीच भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, आणि तुमच्यापर्यंत ती बहुधा तिथून पोहोचली असावी.

याचा अर्थ तुम्ही तारप्याचा तयार तुकडा कुठून तरी उचलून रचनेत घालावा, असा मुळीच नाही. माझ्या मित्राच्या रचनेत पावसाचा आवाज घातला गेला, तसेच ते होईल, आणि शिवाय तो तुकडा ज्याच्या श्वासाने वाजला त्याचे नाव कोणाला कळणार नाही. पण तुमच्या रचनेविषयी ज्यांचे मत सर्वात मोलाचे ठरेल, ते श्रोते डहाणू, जव्हार, तलासरीकडे आहेत. पालघर जिल्ह्यात भातकापणीच्या सुमारास तारपा वाजतो. तिथे जा, आधी रात्रभर त्यांचे ऐका, नाचायला बोलावले तर साखळीत हात द्या, आणि मग कोणाची हरकत नसेल तर दुसऱ्या दिवशी हेडफोन पुढे करून तारपा वाजवणाऱ्याला तुमची रचना ऐकवा. त्याने काय सांगितले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवू.